काचेचे दार आणि कायद्यातील फट

मोटारीत कोणत्या जागी कोणती काच असावी, हे कायदा सांगतो. घर, बँक, दवाखाना आणि कार्यालय यांच्या बाबतीत मात्र तो काचेच्या विक्रीपाशीच थांबतो. टेम्पर्ड काचेच्या दाराची निवड ही केवळ सजावटीची बाब का नाही, याची ही चर्चा.

जून २०२० मध्ये केरळमधील पेरुंबावूर येथे बँकेच्या शाखेतून घाईने बाहेर पडणारी एक महिला बंद असलेल्या काचेच्या दारावर आदळली. काच फुटली, तिचा तुकडा पोटात शिरला आणि त्या जखमेने तिचा मृत्यू झाला. सीसीटीव्हीतील ते चित्रण देशभर पाहिले गेले. अशा घटनेनंतर सहसा पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, की दार दिसले कसे नाही? धोरणाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. रोज शेकडो माणसे ये-जा करतात अशा जागी, धारदार तुकड्यांत फुटणारी काच बसवण्यास परवानगी कोणी दिली? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की आपल्या नियमनव्यवस्थेतील एक मोठी फट समोर येते. अशी परवानगी बहुतेक ठिकाणी कोणाकडे मागावीच लागत नाही.

१९९० च्या दशकात तळोजा, अंकलेश्वर आणि त्यानंतर श्रीपेरुंबुदूर येथे फ्लोट काचेचे मोठे कारखाने उभे राहिले आणि सपाट, निर्दोष, मोठ्या आकाराची काच देशात सहज मिळू लागली. त्याआधी काच म्हणजे खिडकीच्या लाकडी चौकटीतील लहान तावदान. आता ती भिंत झाली, दार झाली, जिन्याचा कठडा झाली, न्हाणीघराचा आडोसा झाली. छोट्या घराला मोकळेपणा, बंदिस्त कार्यालयाला उजेड आणि संस्थेला पारदर्शकतेची प्रतिमा, असे तिन्ही लाभ ती एकाच वेळी देते. तिच्या लोकप्रियतेबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की ज्या वेगाने काच माणसाच्या अंगाजवळ आली, त्या वेगाने नियम तिच्याजवळ आले का?

दोन काचा, दोन प्रकारचे फुटणे

साधी काच आणि टेम्पर्ड काच यांतील फरक डोळ्यांना दिसत नाही, तो फुटल्यावर कळतो. साधी काच सुरीसारख्या लांब, धारदार तुकड्यांत तुटते. टेम्पर्ड काच, जिला बाजारात 'टफन्ड' म्हणतात, ती साध्या काचेपासूनच बनते. काच भट्टीत सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवली जाते आणि मग तिच्या दोन्ही बाजूंवर हवेचे जोरदार झोत सोडून ती झटकन थंड केली जाते. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा नंतर आकसतो; त्यामुळे पृष्ठभागावर कायमचा दाब आणि गाभ्यात ताण राहतो. या अंतर्गत दाबामुळे तितक्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा ती चार ते पाच पट मजबूत ठरते. फुटलीच, तर क्षणात पूर्ण तावदानाचा चुरा होतो, पण तुकडे लहान आणि तुलनेने बोथट असतात. युरोपीय मानकानुसार ४ ते १२ मिलिमीटर जाडीची अशी काच फोडून पाहिली असता, ५० मिलिमीटर बाजूच्या चौरसात किमान ४० तुकडे मोजता आले पाहिजेत. मजबुती ही तिची बाजारातील ओळख असली, तरी सुरक्षेच्या दृष्टीने तिचा खरा गुण फुटण्याच्या या पद्धतीत आहे.

तिच्या मर्यादाही याच भौतिकशास्त्रातून येतात. एकदा टेम्पर झालेली काच कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. बिजागरी आणि मुठीसाठीची छिद्रे भट्टीत जाण्यापूर्वीच पाडावी लागतात. तिची कड हा तिचा दुबळा भाग. कडेवर बसलेला लहानसा घाव संपूर्ण तावदान घालवू शकतो. काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहिला असेल, तर तो कालांतराने प्रसरण पावतो आणि कोणी हात न लावताही काच फुटते. हा धोका कमी करण्यासाठी तयार काच पुन्हा काही तास तापवून ठेवण्याची 'हीट सोक' चाचणी केली जाते. त्या चाचणीत सदोष काचा कारखान्यातच फुटतात, ग्राहकाच्या घरात नाही.

तिसरा प्रकार लॅमिनेटेड काचेचा. दोन काचांमध्ये पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला असतो; काच तडकली तरी तुकडे त्या पापुद्र्याला धरून राहतात. म्हणून डोक्यावरील छतासाठी, उंचावरील कठड्यासाठी, जिथे काच निखळून पडणे हेच संकट आहे तिथे केवळ टेम्पर्ड काच पुरेशी नसते. थोडक्यात, 'सुरक्षित काच' अशी एकच एक वस्तू नाही. कोणत्या जागी कोणत्या प्रकारचे फुटणे परवडेल, याचा तो निर्णय आहे. नेमका हाच निर्णय आपल्या कायद्याने मोकळा सोडला आहे.

मानक आहे, जागा नाही

देशात मानकांचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस २५५३ हे मानक आहे. त्याचा पहिला भाग इमारतींसाठी, दुसरा रस्त्यावरील वाहनांसाठी. इमारतीत काच कशी वापरावी, याची आयएस १६२३१ ही स्वतंत्र आचारसंहिता असून तिचा चौथा भाग माणूस आदळण्याच्या धोक्यालाच वाहिलेला आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत सहाव्या भागातील आठवे प्रकरण काचेचे आहे. दारे, दारालगतची तावदाने आणि जमिनीलगतची काच या धोक्याच्या जागा आहेत, हे आपल्या तज्ज्ञांनी लिहून ठेवलेले आहे.

याशिवाय २०२० मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने सुरक्षा काचेसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, तरी दिशा स्पष्ट होती. भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ च्या १६ व्या कलमान्वये केंद्र एखाद्या वस्तूसाठी मानकचिन्ह सक्तीचे करू शकते आणि १७ व्या कलमानुसार अशा चिन्हाविना त्या वस्तूचे उत्पादन, आयात, साठवण वा विक्री निषिद्ध ठरते.

मग अडले कुठे? आदेश सांगतो, की सुरक्षा काच म्हणून जी विकली जाईल ती मानकाप्रमाणे असावी. या दारात सुरक्षा काचच असावी, असे तो सांगत नाही. ग्राहकाने दारासाठी साधी काच मागितली आणि दुकानदाराने ती दिली, तर गुणवत्ता नियंत्रणाचा हा आदेश मोडत नाही. वस्तूचे नियमन झाले, वापराचे राहिले.

मोटारीशी तुलना केली की हा विरोधाभास स्पष्ट होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०० वा नियम वाहनाच्या काचा सुरक्षा काचेच्या असाव्यात असे सांगतो आणि समोरची काच लॅमिनेटेड असावी असेही बजावतो. त्या नियमात जागा आणि प्रकार यांची सांगड घातलेली आहे. म्हणजे एकाच मानकाच्या दोन भागांपैकी दुसऱ्या भागामागे कायद्याचे बळ थेट वापराच्या जागेपर्यंत पोहोचते आणि पहिल्या भागामागे ते दुकानाच्या उंबरठ्यावर थांबते. नागरिक गाडीत बसलेला असताना त्याच्यासमोरची काच कोणती, याची राज्यसंस्थेला काळजी आहे. तो गाडीतून उतरून बँकेत शिरला, की ती काळजी संपते.

जबाबदारी वाटली गेली, म्हणून हरवली

यामागे संघराज्याची रचनाही आहे. मानके आणि व्यापार हा केंद्राचा प्रांत. जमीन हा राज्यांचा विषय. इमारत-बांधणीचे नियमन हे ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत घातलेले, नगरपालिकांकडे सोपवता येणारे काम. राष्ट्रीय इमारत संहिता स्वतः बंधनकारक नाही. राज्याने वा स्थानिक संस्थेने आपल्या नियमावलीत तिचा अवलंब केला, तरच तिला कायद्याचे बळ मिळते. अनेक नियमावल्या रचनात्मक आरेखनासाठी संहितेच्या सहाव्या भागाचा हवाला देतात. परंतु अभियंत्याच्या प्रमाणपत्राचा भर असतो तो इमारतीच्या सांगाड्यावर. दाराच्या काचेवर कोणते चिन्ह आहे, हे पाहण्याची रीत नाही.

शिवाय काचेची बहुतेक दारे इमारत पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर बसतात. भाडेकरू कंपनी येते, आतली मांडणी बदलते, पार्टिशने उभी राहतात. सांगाड्याला धक्का न लावणाऱ्या अंतर्गत सजावटीच्या कामांना सहसा स्वतंत्र परवानगी लागत नाही. हे काम ज्यांच्या हाती असते, त्यांच्यावरही फारसे बंधन नाही. वास्तुविशारद कायदा, १९७२ हा 'वास्तुविशारद' या उपाधीचे रक्षण करतो, त्या व्यवसायाच्या प्रत्यक्ष कामावर मक्तेदारी देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. अंतर्गत सजावटकारांसाठी तर वैधानिक परिषदच नाही. परिणामी दाराची काच ठरते ती मालक, सजावटकार, कंत्राटदार आणि काचवाला यांच्या वाटाघाटीत. त्या वाटाघाटीत किंमत, चमक आणि मुदत या तिघांचे वकील हजर असतात. आदळणाऱ्या माणसाचा नसतो.

मोजमापाचा अभावही इथे नडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालात काचेमुळे झालेल्या मृत्यूंचा वेगळा रकाना नाही. जखमींची तर गोष्टच दूर. अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतून दुखापतींची माहिती नियमित गोळा करतो. याच आयोगाच्या नियमाने तेथे जुलै १९७७ पासून दारे, सरकती दारे आणि न्हाणीघराचे आडोसे यांत सुरक्षा काच सक्तीची झाली. म्हणजे नियमाने जागांची यादीच दिली. ब्रिटनच्या इमारत नियमांनीही 'धोक्याच्या जागा' ही संकल्पना स्वीकारली आणि काच दिसावी यासाठी तिच्यावर कोणत्या उंचीवर खुणा असाव्यात, हेही मार्गदर्शनात नमूद केले. त्या देशांचे अनुकरण करावे असे नाही. आपल्याच संहितेत लिहिलेले कायद्यात उतरवले, तरी पुरे.

न दिसणारे दार

पेरुंबावूरच्या घटनेची दुसरी बाजू दृश्यतेची आहे. उत्तम टेम्पर्ड काचसुद्धा न दिसल्यास नाक, कपाळ, दात यांना इजा करतेच. अंधुक दृष्टीची व्यक्ती, धावणारे मूल, उन्हातून एकदम सावलीत आलेला वृद्ध यांच्यासाठी स्वच्छ पुसलेले काचेचे दार म्हणजे सापळा असतो. त्यावर उपाय अत्यंत स्वस्त आहे. पार्श्वभूमीपासून वेगळ्या रंगाचा ठळक पट्टा वा ठिपक्यांची ओळ, दोन वेगवेगळ्या उंचींवर, उभ्या माणसालाही दिसेल आणि चाकाच्या खुर्चीतील माणसालाही. सार्वत्रिक सुगम्यतेच्या २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत काचेवरील अशा खुणांचा विचार आहे.

इथेच एका न्यायनिर्णयाचे महत्त्व लक्षात घेतले पाहिजे. 'राजीव रतुरी' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिव्यांग हक्क नियम, २०१७ मधील १५ वा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण असे, की संसदेने बंधनकारक नियमांची अपेक्षा केली होती आणि शासनाने मात्र केवळ शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वांचा हवाला दिला होता. किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत निश्चित करावीत, असा आदेश न्यायालयाने दिला. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चे ४४ वे कलम तर असे सांगते, की या नियमांचे पालन नसेल तर बांधकामाला परवानगी आणि पूर्णतेचे प्रमाणपत्र देता येणार नाही. काचेच्या दारावरील पट्टा या बंधनकारक मानकांत ठामपणे आला, तर त्याचा लाभ केवळ दिव्यांगांना नव्हे, तर प्रत्येक घाईतल्या माणसाला होईल.

सक्तीविरुद्धचा युक्तिवाद

याला विरोधी बाजूही आहे आणि ती दुर्लक्षण्यासारखी नाही. २०१४ पर्यंत देशात असे गुणवत्ता नियंत्रण आदेश अवघे १४ होते आणि त्यांखाली १०६ वस्तू येत. पुढील दहा वर्षांत वस्तूंची संख्या सातशेच्या पुढे गेली. गुणवत्तेच्या नावाखाली आयात रोखणे, कच्चा माल महाग करणे आणि लहान उद्योगाला परवान्याच्या खर्चात अडकवणे, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. त्यात तथ्य असल्याची कबुली केंद्राच्या कृतीतूनच मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉलिमर आणि पॉलिस्टर यांच्याशी संबंधित १४ आदेश मागे घेण्यात आले.

काचेच्या उद्योगात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. फ्लोट काच मोजक्या मोठ्या कारखान्यांत बनते. तिथल्या भट्ट्या वर्षानुवर्षे अखंड पेटत्या असतात. परंतु तिच्यावर प्रक्रिया करणारे उद्योजक शहरोशहरी विखुरलेले, मध्यम आणि लहान. त्यांच्यावर चाचण्या, नोंदी, परवाने यांचा भार पडतो. ही तक्रार खरी आहे. मात्र तिच्यातून निघणारा निष्कर्ष 'सक्ती नको' असा नाही. धागा निकृष्ट निघाला तर कापड बिघडते, आणि तो तोटा खरेदीदार कारखाना ओळखू शकतो, भरून घेऊ शकतो. दाराची काच निकृष्ट निघाली तर जखमी होतो तो ज्याने ती विकत घेतलेली नाही, निवडलेली नाही, कदाचित जो त्या इमारतीत पहिल्यांदाच आलेला आहे. बाजार ज्या हानीची किंमत लावू शकत नाही, तिथेच नियमनाचे खरे काम असते. म्हणून कच्च्या मालावरील सक्ती सैल करताना माणसाच्या सुरक्षेशी थेट जोडलेल्या वस्तूंना त्याच मापाने मोजणे चूक ठरेल.

उलट, वापराचा नियम आला तर प्रामाणिक लघुउद्योजकाचे हितच आहे. आज चाचणीचा खर्च सोसणारा आणि साधी काच 'टफन्ड' म्हणून खपवणारा, हे दोघे ग्राहकासमोर सारखेच दिसतात. आणि दुसरा नेहमीच स्वस्त पडतो.

तोवर ग्राहकाने काय पाहावे

नियम येईपर्यंत निवड ग्राहकाच्याच हाती आहे. पहिली गोष्ट, काचेच्या कोपऱ्यावरील कायमस्वरूपी छाप. टेम्पर्ड काचेवर उत्पादकाची आणि मानकाची न पुसणारी खूण असावी. चिकटवलेला कागद हा पुरावा नव्हे. परवाना क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर पडताळता येतो. ध्रुवीकृत चष्म्यातून पाहिल्यास टेम्पर्ड काचेवर फिकट ठिपक्यांचे वा पट्ट्यांचे जाळे अनेकदा दिसते; ही खात्रीची चाचणी नसली तरी उपयुक्त खूण आहे.

दुसरी गोष्ट, वजन. एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच सुमारे अडीच किलो भरते. चौकटीविना बसणाऱ्या दारासाठी सर्रास वापरली जाणारी १२ मिलिमीटर काच, ९० सेंटिमीटर रुंद आणि २१० सेंटिमीटर उंच असेल, तर एकटे दार ५६-५७ किलोचे होते. हा भार वरखालच्या पॅच फिटिंगवर आणि जमिनीतील फ्लोअर स्प्रिंगवर येतो. महागडी काच आणि स्वस्तातला स्प्रिंग ही जोडी धोक्याची. काच धातूला वा फरशीला थेट घासू नये, कडा घासून गुळगुळीत केलेल्या असाव्यात, आणि न्हाणीघरासाठी हीट सोक केलेली काच मागावी.

तिसरी गोष्ट, आग. टेम्पर्ड काच म्हणजे अग्निरोधक काच नव्हे. अग्निसुरक्षेच्या मार्गावर अग्निरोधनाची चाचणी झालेलेच दार हवे. कार्यालयातील कार्डाने उघडणारी दारे वीज गेल्यावर वा धोक्याची घंटा वाजल्यावर आपोआप मोकळी होतात का, हे प्रत्यक्ष करून पाहावे. बाहेर पडण्याचे दार किल्लीविना आतून उघडता आले पाहिजे, हे राष्ट्रीय इमारत संहितेचे तत्त्व आहे. आणि जुन्या साध्या काचेची दारे लगेच बदलणे शक्य नसेल, तर सुरक्षा-फिल्म लावून तुकडे जागीच धरून ठेवता येतात.

करता येण्याजोगे

शासनाला यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. राज्यांनी आपल्या इमारत नियमावलीत आयएस १६२३१ च्या चौथ्या भागातील धोक्याच्या जागांची यादी बंधनकारक करावी. बँका, रुग्णालये, शाळा आणि शासकीय कार्यालये यांपासून सुरुवात करावी. तिथे येणारा माणूस दार निवडत नाही. या संस्थांना विद्यमान दारांसाठी वाजवी मुदत द्यावी आणि तोवर पट्टा व फिल्म सक्तीची करावी. अग्निसुरक्षेची नियतकालिक तपासणी जिथे होते, तिथे काचेवरील छाप पाहण्याचे एक कलम वाढवले, तर नवा निरीक्षक नेमण्याचीही गरज नाही. सार्वजनिक खरेदीच्या निविदांत मानकचिन्हाबरोबर वापराची जागाही लिहावी. आणि अपघाती मृत्यूंच्या नोंदीत एक रकाना वाढवावा. मोजले जात नाही, त्याची तरतूदही होत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने उत्पादन-उत्तरदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण दिले आहे. परंतु ते नुकसान झाल्यानंतरचे साधन आहे आणि त्यासाठी काच कोणाची होती, हे सिद्ध व्हावे लागते. फुटलेल्या काचेचा ढीग झाडून टाकला, की तो पुरावाही कचऱ्यात जातो. भरपाईचा खटला जिंकण्यापेक्षा योग्य काच बसवणे प्रत्येक अर्थाने स्वस्त आहे. वाहनाच्या बाबतीत हे गणित आपण १९८९ मध्येच मान्य केले. इमारतीच्या दारापर्यंत ते अद्याप पोहोचायचे आहे.